पळायचं की खिडक्या लावायच्या?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : 'हवेत विचित्र वास येतोय. अणुकेंद्रात गळती झाली म्हणे. सगळ्यांनी बाहेर पडा.' आम्ही चेंबूरची माणसं. ट्रॉम्बेची टेकडी आणि तिथलं भाभा अणुसंशोधन केंद्र आमच्या उशाशी, त्यामुळे असा मेसेज इथे लगेच पेट घेतो. अर्ध्या तासात बी विंगमधली दोन कुटुंबं पोरांना झोपेतून उठवून, गाडीत कोंबून वाशीच्या पुलापर्यंत पोचलीसुद्धा. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, तेवढ्या भांडवलावर तळमजल्यावरच्या काकूंनी मला फोन केला.

"बाई, पळायचं का?"

"वास येतोय ना तुम्हाला?"

"येतोय की. डोकं दुखायला लागलंय."

"मग ते रेडिएशन नाही. त्याला वास नसतो, रंग नसतो, चव नसते."

वास ए विंगमध्ये संध्याकाळी केलेल्या पेस्ट कंट्रोलचा निघाला. वाशीला गेलेले बाराच्या पुढे परतले आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खाली मान घालून उभे राहिले. मला मात्र काकूंचा प्रश्न सोडेना. पळायचं का? अणुअपघाताच्या नियोजनाची जाडजाड कागदपत्रं शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात : कोणी पळायचं, कधी, कुठल्या दिशेने, आणि कोणी जागचं हलायचं नाही.

त्याआधी भट्टीत बिघडतं काय ते बघू. वीज बनवणारी अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही, फुटूच शकत नाही. बॉम्बसाठी युरेनियममधला २३५ वजनाचा प्रकार ९० टक्क्यांच्या आसपास लागतो. निसर्गात तो ०.७ टक्के असतो आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत हे नैसर्गिक युरेनियमच वापरतात. भट्टीची खरी डोकेदुखी उष्णतेची आहे, आणि तीही भट्टी बंद केल्यानंतरची.

हे वर्गात पोरांना पटायचं नाही. बंद केली म्हणजे बंद झाली ना, मॅडम? तर नाही. नियंत्रक सळ्या काही सेकंदांत आत पडतात, साखळी प्रक्रिया थांबते, इथवर ठीक. पण तोवर फुटलेल्या अणूंचे तुकडे इंधनात साचलेले असतात, ते स्वतःच अस्थिर असतात आणि विघटन होताना ऊब सोडत राहतात. मी देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचं उदाहरण द्यायची. वरून कोणी काडी लावलेली नसते, तरी तो आतून धुमसत असतो. तिथलं कारण रासायनिक आणि इथलं अणूच्या पोटातलं, पण बाहेरून विझवता न येणारी ऊब म्हणजे काय ते चेंबूर-गोवंडीच्या पोरांना बरोबर कळायचं.

आकडे बघा. तारापूरची तिसरी भट्टी ५४० मेगावॅट वीज देते, त्यासाठी ती सुमारे १,७०० मेगावॅट उष्णता तयार करते. बंद केल्याक्षणी त्यातली सहा-सात टक्के शिल्लक असते, म्हणजे ११० मेगावॅटच्या आसपास. आपल्या बाथरूममधला गीझर दोन किलोवॅटचा, तर हे झाले पंचावन्न हजार गीझर एकदम चालू. तासाभरात ते बारा हजारांवर येतात. दुसऱ्या दिवशीही चार-एक हजार चालूच असतात, आणि त्यांना बटण नाही. त्यांच्यावरून पाणी खेळतं ठेवणं एवढाच उपाय. पाणी थांबलं की इंधनसळ्यांवरचं धातूचं आवरण तापतं, वाफेशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, मग सळ्या वितळायला लागतात.

म्हणून मला मोठे अणुअपघात बरेचसे पाण्याचेच वाटतात. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ रोजी एक झडप उघडी अडकली आणि भट्टीतलं पाणी निसटत राहिलं. पॅनेलवरचा दिवा सांगत होता की झडपेला बंद व्हायचा हुकूम गेला आहे. झडप खरोखर बंद झाली का, हे तो दिवा सांगतच नव्हता. माणसांनी दिव्यावर विश्वास ठेवला, आत पाणी जास्त झालंय असं समजून आपत्कालीन पाणीच कमी केलं, आणि भट्टीचा गाभा, म्हणजे इंधनसळ्यांचा भाग, जवळजवळ अर्धा वितळला. बाहेरच्या जाड काँक्रीटच्या कवचाने बहुतेक सगळं आत धरून ठेवलं, म्हणून निभावलं.

चेर्नोबिलची जात वेगळी. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तिथे एका चाचणीदरम्यान भट्टीची ताकदच बेसुमार उसळली, स्फोट झाला, भट्टीतलं ग्रॅफाइट पेटलं, आणि तसं भक्कम कवच त्या भट्टीला नव्हतंच. तसल्या रचनेची भट्टी भारतात नाही.

आपल्याकडचं बोलायचं तर नरोराचं अणुवीज केंद्र. उत्तर प्रदेशात, गंगेकाठी. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे साडेतीनला टर्बाइनचं पातं तुटलं, यंत्र हादरलं, थंड करायला वापरलेला हायड्रोजन गळून पेटला. आग केबलींमधून पसरली आणि पंपांना वीज नेणाऱ्या मुख्य व पर्यायी अशा दोन्ही केबली जळाल्या. त्या पुरेशा वेगळ्या मार्गांनी नेलेल्या नव्हत्या, हे खरं दुखणं. नियंत्रण कक्षात धूर भरला, कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. पुढचे सतरा तास भट्टीला वीज नव्हती. कर्मचारी अंधारात विजेऱ्या घेऊन वर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉन सोडलं, म्हणजे साखळी पुन्हा सुरू होण्याचा धोका संपला. आग विझवायच्या डिझेल पंपांनी वाफेच्या बॉयलरांमध्ये पाणी भरत राहिले. किरणोत्सार बाहेर आला नाही. फुकुशिमावर मालिका निघतात, नरोराबद्दल मात्र मराठीत कोणी फारसं बोलत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला तेव्हा भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या, डिझेल जनरेटरही सुरू झाले. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली. जागा साधारण ६ मीटर उंचीच्या लाटेचा हिशेब धरून बांधलेली, लाट आली १४-१५ मीटरची, आणि बरेचसे जनरेटर तळघरात. मुंबईत २६ जुलै २००५ ला ज्यांच्या सोसायटीची मीटरची खोली बुडाली होती त्यांना हे समजवावं लागत नाही. तिथल्या माणसांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या, त्या जोडून मापकांचे काटे वाचले. तीन भट्ट्यांचा गाभा वितळला, हायड्रोजनचे स्फोट झाले. भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ असलेलं ओनागावाचं केंद्र उंचावर बांधलेलं होतं, ते वाचलं.

आता कुंपणाबाहेर येऊ. भट्टीतून जे किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडतात त्यांत सुरुवातीला सगळ्यात त्रासदायक म्हणजे आयोडीन-१३१. ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे ऐंशी दिवसांत जवळजवळ हजारावा भाग उरतो. पण त्या पहिल्या दिवसांत ते गवतावर बसतं, गाय ते खाते, दुधात उतरतं आणि पोराच्या थायरॉइडमध्ये जाऊन साठतं. चेर्नोबिलभोवतीच्या प्रदेशांत, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे सहा हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, आणि दूषित दूध वेळेवर बंद न करणं हे त्याचं एक मोठं कारण. बहुतेक जण उपचारांनी वाचले, हेही सांगायला हवं. दुसरा पदार्थ सीझियम-१३७, अर्धायुष्य तीस वर्षं. लोकांना घरी कधी परतता येईल हे तो ठरवतो.

आयोडीनच्या गोळीचं गणित साधं आहे. थायरॉइड चांगल्या आयोडीनने आधीच भरून टाकायची, मग वाईटाला जागा राहत नाही. गोळी दूषित हवा येण्याच्या जरा आधी किंवा नंतर काही तासांतच उपयोगी, आणि ती फक्त थायरॉइड वाचवते, बाकी शरीराला तिचा काही उपयोग नाही. १९८६ मध्ये पोलंडने सुमारे १ कोटी मुलांना आयोडीन पाजलं. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं मीठ संपवलं, तो मात्र वेडेपणा होता. मोठ्या माणसाच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. आपल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावं असा नियम आहे. म्हणजे एका गोळीसाठी साडेसहा किलोच्या वर मीठ खायचं. माणूस मिठानेच जाईल. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध प्यायचंही नाही आणि मानेला फासायचंही नाही. फासण्याची अफवा तेव्हा फिलिपिन्समध्ये फिरून गेली आहे.

मुंबईला सगळ्यात जवळचं अणुवीज केंद्र तारापूर, उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, देशातल्या पहिल्याच. तिथे कागदावर तीन पायऱ्या असतात. केंद्राच्या एखाद्या भागापुरती आणीबाणी, मग कुंपणाच्या आतली, मग कुंपणाबाहेरची. पहिल्या दोन्ही केंद्राचे लोक हाताळतात. तिसरी लागली की सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा विचित्र वाटलं, मग पटलं. बस कुठून आणायच्या, कुठली शाळा रिकामी करायची, कुठल्या गावचं दूध थांबवायचं, हे भौतिकशास्त्रज्ञाला काय ठाऊक? ते तलाठ्याला, पोलीस पाटलाला ठाऊक असतं. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा ही जबाबदारीही ठाण्याहून तिकडे गेली.

केंद्राभोवती १६ किलोमीटरचं वर्तुळ आखलेलं असतं आणि त्याचे कलिंगडासारखे सोळा भाग पाडलेले असतात. सगळं वर्तुळ एकदम रिकामं करायचं नसतं. वारा ज्या फोडीकडे वाहतोय ती फोड आणि तिच्या आजूबाजूच्या, एवढ्यांकडे आधी लक्ष. चिंचणी, बोईसर सगळं याच वर्तुळात. बाहेरच्या आणीबाणीची तालीम साधारण दोन वर्षांतून एकदा होते. माझी शंका वेगळीच आहे. बोईसरच्या एमआयडीसीत भाड्याच्या खोल्यांमधून राहणारा बिहार-ओडिशाचा कामगार, जो सहा महिन्यांपूर्वी आला आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे जाईल, त्याच्यापर्यंत भोंग्याचा अर्थ कोण पोचवणार? तालमीला जमतात ते गावातले कायमचे लोक.

आणि वारा म्हणजे तरी काय, पावसाळ्यात तो नैऋत्येचा, तारापूरहून जव्हार-मोखाड्याच्या अंगाला नेणारा. थंडीत दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री बऱ्याचदा उलटा. पाऊस लागला तर हवेतलं सगळं एका पट्ट्यात खाली उतरतं. चेर्नोबिलनंतर लांबलांबचे प्रदेश जास्त दूषित झाले ते तिथे पाऊस पडला म्हणून. त्यामुळे नकाशावर नुसतं कंपास धरून गोल काढला की काम झालं, असं समजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पळण्याचे दोन धडे मात्र प्रत्येकाला ठाऊक असावेत. प्रिप्यात या ४९ हजार वस्तीच्या शहराला चेर्नोबिलनंतर जवळजवळ दीड दिवस काही सांगितलं नाही. पोरं बाहेर खेळत होती. तिथे हलवायला उशीर झाला. फुकुशिमाला उलट गडबड झाली. वीस किलोमीटरच्या आतली इस्पितळं घाईने रिकामी केली, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना बसमध्ये घातलं, बस तासन्‌तास फिरत राहिल्या. एकाच इस्पितळाच्या आणि त्याच्या वृद्धाश्रमाच्या रुग्णांपैकी ४० हून अधिक त्या धावपळीत गेले. पुढच्या वर्षांत विस्थापनाच्या हालांनी त्या प्रांतात २,३०० हून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. किरणोत्साराने झाला असं सरकारने मान्य केलेला मृत्यू एका कामगाराचा, फुप्फुसाच्या कॅन्सरने. नामिए गावचे लोक तर वायव्येला त्सुशिमाकडे गेले आणि हवाही नेमकी तिकडेच गेली. हवा कुठे जाणार याचा संगणकी अंदाज सरकारकडे होता, तो लोकांपर्यंत पोचला नाही.

मग मुंबईने काय करायचं? सव्वा कोटीचं शहर सायन-पनवेल आणि ठाण्याच्या रस्त्यांनी रिकामं होत नाही. साधा गणपतीचा शुक्रवार बघा. आणि शंभर किलोमीटरवर त्याची गरज पडेल अशी शक्यताही फार कमी. तोक्योचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. ते फुकुशिमापासून सव्वादोनशे किलोमीटरवर. तिथे २३ मार्च २०११ रोजी एका जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात तान्ह्या बाळांसाठीच्या मर्यादेपेक्षा जास्त आयोडीन सापडलं. महानगरपालिकेने सांगितलं, बाळांना नळाचं पाणी देऊ नका, आणि बाळं असलेल्या घरांना बाटल्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी पातळी उतरली, सूचना मागे घेतली. कोणी शहर सोडायची गरज नव्हती. आपलं पाणीही तानसा, वैतरणा, भातसा अशा उत्तर-पूर्वेच्या तलावांतून येतं. तारापूरला काही झालं तर मुंबईचा पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुधाचा असेल, गाडीत पेट्रोल किती आहे याचा नव्हे. बंद पाकिटातलं जुनं दूध, दूध पावडर, झाकलेली टाकी, एवढ्यावर ते दिवस निघतात.

ट्रॉम्बेचं काय, हे काकू विचारणारच होत्या. घारापुरीच्या लाँचमधून जाताना डाव्या हाताला जे घुमट दिसतात, त्यातली १९६० ची सायरस ही संशोधनाची भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. चालू आहे त्यातली मोठी ती ध्रुव, १९८५ ची, १०० मेगावॅट उष्णतेची. तारापूरच्या तिसऱ्या भट्टीच्या सतराव्या भागाची. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही, पण माप वेगळं आहे, आणि इथेही सांगितल्याशिवाय रस्त्यावर उतरणं म्हणजे घराच्या भिंतींची आयती ढाल सोडून उघड्यावर जाणं. खिडक्या लावायच्या, एसी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करायचा, घराच्या आतल्या बाजूच्या खोलीत बसायचं. बाहेरून आलेल्याने कपडे दाराशीच उतरवून पिशवीत बांधायचे, साबणाने अंघोळ करायची. अंगावरची बरीचशी धूळ कपड्यांबरोबरच जाते. मग अधिकृत सूचनेची वाट बघायची. पालिकेचा आपत्ती कक्ष १९१६ वर आहे, पण अशा रात्री तो लागायचा नाही हे धरून चाला.

खरं सांगू का, मुंबईत राहून मला भट्टीपेक्षा भंगाराची काळजी जास्त वाटते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेलं एक जुनं यंत्र पोचलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. कामगारांनी शिशाचं कवच फोडलं, तुकडे झाले. अनेक जण भाजले, एक जण गेला. ब्राझीलच्या गोइयानियात १९८७ मध्ये सोडून दिलेल्या दवाखान्यातलं यंत्र असंच भंगारात गेलं. अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी सीझियमची पूड घरी नेली, अंगाला लावली. चार माणसं मेली. आणि स्टेडियममध्ये तपासणीसाठी रांगा लावल्या किती जणांनी? १ लाख १२ हजार. दूषित निघाले २४९. एका खऱ्या रुग्णामागे साडेचारशे घाबरलेले. उद्या असं काही कुर्ल्यात किंवा गोवंडीत झालं तर सायनच्या इस्पितळाच्या दारात काय होईल, याचा विचार करा. लढाई तिथे रांग लावण्याची असेल. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचा पंखा दिसला, किंवा भंगारात आकाराच्या मानाने बेसुमार जड शिशाचा डबा हाती लागला, तर तो फोडायचा नाही, लांब व्हायचं, पोलिसांना कळवायचं. आमच्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला मी मोबाइलवर ती खूण दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, हे तर एक्स-रेवाल्याच्या दारावर असतं." चला, ओळखतो तरी.

रविवारी काकूंकडे गेले होते. त्यांनी माळ्यावरून जुना ट्रान्झिस्टर उतरवून ठेवला होता. लाइट गेली, नेट गेलं तर बातमी कुठून कळणार, असं त्यांचं म्हणणं. सेल दोन वर्षांपूर्वीचे, गळलेले. नवे घातले, खरखर झाली, मग आकाशवाणी लागली. शेतकऱ्यांसाठी काहीतरी चालू होतं, हळदीच्या लागवडीबद्दल. काकूंनी आवाज तसाच राहू दिला आणि चहा टाकायला आत गेल्या. जाताना स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू केला, मग माझ्याकडे वळून विचारलं, "हाच ना तो, बंद करायचा?"